मालकाला घेऊन या

गव्हाची मळणी उरकली की महिनाभर गिरणीला उसंत नसे. दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत पोती, डबे आणि पिशव्या यांची रांग लागायची आणि माणसं आपापला नंबर धरून भिंतीच्या सावलीत गप्पा छाटत बसायची. त्या दिवशी अकराच्या सुमाराला गिरणीवाले आप्पा दगडावर बसवलेल्या पत्र्याच्या डब्यात गहू ओतत होते. ओतता ओतता त्यांचा उजवा हात सुटला. अर्धं पोतं डब्यात, अर्धं जमिनीवर.

"आप्पा, गहू पेरताय का काय?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

आप्पा वळले. त्यांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं. काहीतरी बोलायला गेले आणि नुसताच 'हं' असा आवाज आला. मग ते सांडलेल्या गव्हावर बसले, बसल्याचे आडवे झाले.

गिरणीच्या मागेच घर होतं. मधल्या दारातून सून धावत आली तेव्हा कुणाला काही सुचत नव्हतं. नवरा सासऱ्यांना उचलायच्या खटपटीत. डब्यातला गहू संपून दगड दगडावर घासत होता, आणि त्या कर्कश आवाजात जळकट वास सुटला होता, तरी खटका बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोपऱ्यात पोत्यावर बसलेले दादा मात्र आपल्या कामात होते. पिठाची पिशवी दोन गुडघ्यांत धरायची, सुतळीचे तीन वेढे द्यायचे, गाठ मारायची, पुढची पिशवी घ्यायची. पुढची पिशवी येईना तेव्हा त्यांनी मान वर केली.

"पीठ कुठाय?" ते म्हणाले.

दादा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. वय एकाहत्तर, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराची, जन्मापासून तशीच. आप्पा त्यांना दादा म्हणत, म्हणून सून दादा म्हणे आणि सगळं गावही दादाच म्हणे. सुतळीची गाठ एवढं एक काम त्यांना येत होतं, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं.

आप्पांना जीपमध्ये घालून शहराच्या इस्पितळात नेलं. अर्धांगाचा झटका होता. नवरा तिकडे राहिला आणि सून इकडे गिरणी, घर आणि दादा यांच्यात एकटी उरली.

गिरणी तिला चालवता येत होती. बावीस वर्षं ती त्या पिठात वावरली होती. पट्टा कधी घसरणार हे तिला आवाजावरून कळे. अडलं ते दादांपाशी. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना अंघोळीला बोलावलं तर ते मोरीच्या दाराला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. तांब्या वर करताच असे किंचाळले, की रांगेतली माणसं आत डोकावली. दाढी करायला न्हावी बोलावला, त्याचा वस्तरा बघून दादा रस्त्यावर पळाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण थुंकून टाकलं.

"तुम्हाला किती वेळा सांगायचं दादा? माझे दोनच हात आहेत," ती म्हणाली. म्हणजे ओरडलीच.

दादा खाली बघत होते. "आप्पा," ते म्हणाले. दिवसभर तेवढंच म्हणत होते.

चौथ्या दिवशी ती ग्राहकाच्या डब्यात पीठ चेपत होती आणि पाठीमागे धप्पकन आवाज झाला. दादा जमिनीवर पडले होते. पाठ धनुष्यासारखी ताणलेली, दात घट्ट मिटलेले, तोंडातून फेस. टाचा जमिनीवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटण्यासरशी शरीर पट्ट्याकडे सरकत होतं. फिरत्या पट्ट्यापासून डोकं वीतभर राहिलं असेल तेव्हा तिने त्यांचे पाय धरून ओढलं. ओढताना ती स्वतः आडवी पडली, पण पाय सोडले नाहीत. एका ग्राहकाने खटका दाबला.

गावच्या दवाखान्यातले डॉक्टर आले तोवर दादा शांत झाले होते. पायजमा ओला झाला होता. डॉक्टरांनी डोळे उघडून बघितले, नाडी धरली.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"कसल्या गोळ्या?"

"फिटच्या. सकाळी दोन, संध्याकाळी एक. सव्वीस वर्षं घेतायत ते. तुम्ही घरातल्याच ना?"

ती घरातलीच होती. तिला लग्न करून आणलं तेव्हापासून तीच स्वयंपाक करत होती, तीच ताट वाढत होती. आप्पा पहाटे उठून भावाला अंघोळ घालतात, दर तिसऱ्या दिवशी दाढी करतात, नखं काढतात, हे तिला माहीत होतं; म्हणजे असं काहीतरी चालतं एवढंच माहीत होतं. दादांचं सगळं आप्पा बघतात आणि ते आपल्या अंगावर नाही, यातच ती समाधानी होती. फिट येते हे तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण बावीस वर्षांत आप्पांनी एकही गोळी चुकू दिली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर ती पिठाने माखलेल्या जमिनीवर तशीच बसून राहिली. बाहेरून कुणीतरी विचारलं, "आज दळण होणार का नाही?"

बाराव्या दिवशी आप्पांना घरी आणलं. उजवी बाजू मेलेली, वाचा गेलेली. पण डोळे जागे होते. खाटेवर टेकवताच त्यांनी पहिल्यांदा भावाला शोधलं. दादा पुढे आले, त्यांनी आप्पांचा लुळा हात उचलून पाहिला, सोडला, तो पडला. पुन्हा उचलला. मग खेळ समजून हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सुनेने एक जाड वही काढली. सकाळची कामं उरकली की ती खाटेपाशी बसायची आणि विचारायची. हो असेल तर आप्पा डोळे मिटत. नाही असेल तर डावा हात हलवत.

"अंघोळीला पाणी कडक? नाही? कोमट? मग ते ओरडतात का? तांब्याला भितात? हो? डोक्यावरून घ्यायचं नाही... पायापासून?" आप्पांनी डोळे मिटले. मग डाव्या हाताने डावा कान झाकून दाखवला. तिला कळेना. त्यांनी पुन्हा झाकला, चेहरा वेडावाकडा केला. "कान दुखतो? पाणी गेलं तर?" आप्पांनी डोळे मिटले आणि उशीला डोकं टेकलं. एवढ्याशा गोष्टीला पाऊण तास लागला होता.

तिने लिहिलं: अंघोळ पायापासून वर. डाव्या कानात पाणी जाऊ देऊ नये.

आठ दिवसांत वहीची सतरा पानं भरली. गोळी तोंडात देऊन उपयोग नाही, घासात लपवावी लागते. दाढी बसवून नाही, उभ्याने करायची, आणि आधी वस्तरा त्यांच्या हातात द्यायचा. रडायला लागले तर बोलायचं नाही, सुतळी द्यायची. एका माणसाने हे सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि ते डोकं त्या दिवशी गव्हाच्या ढिगावर पडलं होतं. आप्पा तिथेच संपले असते तर?

दरम्यान गिरणीच बंद पडली. आप्पा कोसळले त्या दिवशी दगड कोरडा फिरला होता, तेव्हा तापलेली मोटर महिना पुरा व्हायच्या आत जळाली. मिस्त्रीने बघून सांगितलं, नुसती मोटर बदलून भागायचं नाही, आतली सगळी वायर कुजली आहे, मीटरही नवा घ्या. ऐन सुगीत गिऱ्हाइकं डबे घेऊन शेजारच्या गावाला जायला लागली. नवरा अर्ज घेऊन वीज कचेरीत गेला, ती बरोबर गेली.

खिडकीतल्या कारकुनाने जुनी नोंद काढली आणि अर्ज परत सरकवला.

"यावर मालकाची सही लागेल."

"मालक आजारी आहेत. माझे वडील. अंगठा चालेल ना? डावा?" नवरा म्हणाला.

"हे बघा, तुमच्या वडलांचं नाव इथे नाहीच." कारकुनाने नोंदीवर बोट ठेवून नाव वाचलं. नवऱ्याला ते नाव चटकन ओळखू आलं नाही. तिलाही नाही. त्या नावाने गावात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

"हे... हे तर दादांचं नाव," नवरा म्हणाला.

"असेल. मालकाला घेऊन या."

तिथून ते जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत गेले. वीज कचेरीत काहीतरी घोळ झाला असणार, असं नवरा वाटभर म्हणत होता. तिथल्या बाईने बांधलेलं जाडजूड रजिस्टर उघडलं, पान काढलं आणि त्यांच्याकडे फिरवलं. घर, गिरणी, मागचं आवार, विहिरीतला अर्धा वाटा. सगळं एकाच माणसाचं. आप्पांच्या वडलांनी एकेचाळीस वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं होतं आणि सगळं थोरल्या मुलाला दिलं होतं, 'जेणेकरून त्यास कोणी घराबाहेर काढू शकणार नाही'. धाकट्या मुलाला त्यात राहण्याचा आणि राबण्याचा हक्क होता. खाली साक्षीदार म्हणून धाकट्या मुलाचीच सही होती. आप्पांची.

तिने ती सही दोनदा वाचली. रजिस्टरवाली बाई काहीतरी विचारत होती आणि तिला नुसते ओठ हलताना दिसत होते.

"म्हणजे मी कोण?" बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला. तो पायरीवरच बसला. "चाळीस वर्षं मी आमची गिरणी, आमची गिरणी म्हणत आलो. त्या येड्याचा नोकर होतो होय मी?"

दादांना तो 'येडा' म्हणाला, हे तिने पहिल्यांदा ऐकलं. आजवर त्याला तसं म्हणायची गरज पडली नव्हती.

घरी येताच ती आप्पांच्या खाटेपाशी गेली. नवरा दारात उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

आप्पांनी डोळे मिटले.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत? एवढी वर्षं?"

या प्रश्नाला हो-नाही नव्हतं. आप्पांनी नजर हळूहळू उचलली आणि दारात उभ्या असलेल्या मुलावर नेऊन ठेवली. तिला वाटलं, त्यांना मुलाला जवळ बोलवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "हे असं लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. दादांचा अंगठा घेऊन सगळं आपल्या नावावर करून टाकू. कागद करणाऱ्याशी बोललोय मी. बक्षीसपत्र म्हणतात त्याला."

"त्यांना कळत नाही त्यातलं."

"म्हणूनच तर. न कळणाऱ्याकडे राहून काय उपयोग? आपण काय त्यांना बाहेर काढणार आहोत?"

तिला ते पटलं. खोटं कशाला, पटलंच. गिरणी बंद होती, दोन आजारी माणसं घरात होती, आणि वर्षानुवर्षं जे आपलं म्हणून झाडलं-सारवलं ते आपलं नाही हा सल रात्रंदिवस टोचत होता. दुपारी कागद करणारा आला तेव्हा तिनेच दादांना हाक मारली, तिनेच त्यांचा हात धुऊन पुसला.

कागद करणारा हसतमुख माणूस होता. त्याने पाच ठिकाणी पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. शाईची डबी उघडून त्याने दादांचा अंगठा धरला. "तारीख मागची टाकू. पुढचं मी निस्तरतो. घरातलंच आहे, विचारतंय कोण?"

पहिला अंगठा उठला. दादांनी तो वाकून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद तिने कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या फुलीला त्याला हात धरावा लागला नाही; दादांनी आपणहून अंगठा टेकवला. तिसरी, चौथी, पाचवी. मग त्यांनी कागदाच्या कोऱ्या जागेत आणखी दोन उठवले, टेबलावर एक, आपल्या सदऱ्यावर एक. खोलीतून आप्पांचा आवाज यायला लागला, लांबलचक, गुरासारखा.

"अजून?" दादा कागद करणाऱ्याला म्हणाले. "अजून कुठे?"

एक घर, एक गिरणी, एका माणसाची म्हातारपणाची सगळी सोय, आणि हे सगळं इतकं सोपं होतं. मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. रांगेतल्या कुणीही गेल्या चाळीस वर्षांत शाईची डबी आणली असती तर दादांनी हसत हसत दिलं असतं आणि अजून कुठे, म्हणून विचारलं असतं. काल आप्पांनी मुलाकडे का बघितलं, ते तिला आत्ता उमगलं.

तिने टेबलावरचे कागद उचलले.

"अहो बाई, शाई ओली आहे," कागद करणारा म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. नवरा मागोमाग आला, तेव्हा चुलीत कागदांनी पेट घेतला होता. त्याने हात पुढे केला नाही, आणि तिला त्याबद्दल पुढे कायम बरं वाटत राहिलं.

"आता काय करायचं?" तो म्हणाला.

"विचारू कुणालातरी. ज्याला कळतं त्याला."

कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला देणारी एक खोली होती. तिथली वकीलबाई तरुण होती, सर्दीने बेजार होती आणि नाक पुसत पुसत बोलत होती. तिने आधी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या सासऱ्यांनी एवढी वर्षं भावाच्या वतीने सह्या केल्या?"

"हो. वीजबिल, घरपट्टी, सगळं."

"मायेने केलं, पण हक्काने नाही. मोठ्या वयाच्या माणसाच्या वतीने भाऊ सोडा, आईबापांनाही आपोआप सही करता येत नाही. पालक म्हणून रीतसर नेमणूक लागते. ती त्यांनी कधीच करून घेतली नाही." तिने वहीत दोन रकाने आखले. "आता नीट ऐका. तुमच्या सासऱ्यांना समजतं, पण बोलता येत नाही. दादांना बोलता येतं, पण समजत नाही. कायद्याच्या लेखी ही दोन अगदी वेगळी माणसं. सासरे अधिकाऱ्यासमोर मान हलवून, अंगठा देऊन तुम्हाला मुखत्यार करू शकतात. ते लवकर करा, दुसरा झटका यायच्या आत. दादा तसं काही देऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी अर्ज करावा लागेल, अधिकारी त्यांना भेटतील, तुम्हालाही पारखतील."

"पारखतील म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्यांना कसं वागवता ते बघतील." वकीलबाई शिंकली. "आणि अर्जात शेवटी एक जागा असते. तुमच्यानंतर कोण? लोक ती मोकळी सोडतात. तुम्ही सोडू नका."

तिला आणि नवऱ्याला मूलबाळ नव्हतं. ती जागा तिने मोकळीच सोडली.

सुनावणीच्या दिवशी तिने दादांना पायापासून वर अंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला, खिशात सुतळीचं बंडल दिलं. नवराही आला. वही तिच्या पिशवीत होती. वाटेत तिने मनाशी सगळी उत्तरं घोकली.

अधिकारी पन्नाशीचे होते. दादा आत येताच ते खुर्ची सोडून टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले. कारकून टंकायला तयार होता.

"जेवलात का?"

"हो."

"कुणी वाढलं?"

दादांनी तिच्याकडे बोट केलं.

"ही कोण?"

"ही घरवाली," दादा म्हणाले. कारकून हसला. नवराही कसनुसा हसला.

"कुणाची घरवाली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"घराची."

"असं. म्हणजे घर कुणाचं?"

"हिचं." दादा सुतळी उलगडत होते. "मी विचारून आत येतो. पाय दाखवतो. मग ही म्हणते, या."

खोलीत आता कुणी हसत नव्हतं.

"आणि नाही म्हणाली तर?"

"बाहेर बसतो."

"पाऊस असला तर?"

"पोतं घेतो," दादा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पोतं कसं घेतात ते त्यांनी डोक्यावर हात नेऊन दाखवलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने तो नियम घातला होता. दादा पिठाने भरलेले पाय घेऊन पुसलेल्या जमिनीवरून फिरत, तिने एकदा त्यांना मधल्या दारात अडवून पाय दाखवायला लावले, आणि विचारल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून दटावलं. दोन-चार दिवसांत ती ते विसरली होती. दादांच्या विचारण्याची तिला इतकी सवय झाली होती, की ते विचारतात हे ऐकूसुद्धा येत नव्हतं. कामात असली तर 'आत्ता नको' म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. दादा मात्र विसरले नव्हते. बावीस वर्षं आपल्याच घराच्या दारात ते पाय दाखवत उभे राहिले होते. आप्पा हे रोज बघत होते.

"हे खरं आहे का?" अधिकारी तिला विचारत होते.

नवरा पुढे झाला. "साहेब, त्यांच्या बोलण्याला काही अर्थ नसतो. ते—"

"खरं आहे," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी कारकुनाला शब्द न् शब्द सांगितला. पाय दाखवतो. बाहेर बसतो. पोतं घेतो. टंकयंत्राच्या खडखडाटात ती मान खाली घालून उभी होती. मग त्यांनी वही मागितली. उभ्या उभ्याच पानं उलटली, एका पानावर थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. सासऱ्यांना विचारून."

"त्यांना तर बोलता येत नाही म्हणालात."

"वेळ लागतो," ती म्हणाली.

त्यांनी वही परत दिली. निकाल पंधरा दिवसांनी पोस्टाने येईल म्हणाले. अर्ज नामंजूर होणार आणि ते बरोबरच असणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

निकाल आला तो तिने ओट्यापाशी उभं राहून वाचला. पालक म्हणून तिचीच नेमणूक झाली होती. खाली अटी होत्या. घर, गिरणी कुणाला देता-विकता येणार नाही. दर सहा महिन्यांनी न कळवता भेट होईल. वहीची नक्कल गावच्या दवाखान्यात ठेवावी. तिच्या पश्चात कोण, त्याचं नाव महिनाभरात कळवावं. पण या सगळ्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं: घरात येण्यासाठी त्यांना कोणाचीही परवानगी मागावी लागू नये.

सरकारी शिक्का मारलेलं ते वाक्य तिने पुन्हा वाचलं.

नवा मीटर आला, मोटर बसली, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावून झाली. सुगी सरली होती, तरी गिऱ्हाइकं हळूहळू परतली. तिने दादांना दहादा सांगितलं, आता विचारायचं नाही, घर तुमचं आहे, सरळ आत यायचं. ते हो म्हणायचे आणि दारात थांबून एक पाय उचलायचे. शेवटी तिने नवऱ्याला मधल्या दाराची फळी बिजागऱ्यांतून उतरवायला लावली. तरी ते रिकाम्या चौकटीपाशी थांबत. मग ती जिथे असेल तिथून 'या' म्हणायची. हात कणकेत असो, चुलीपाशी असो, आधी 'या'.

महिन्याची मुदत भरत आली तेव्हा एका सकाळी नवरा म्हणाला, "त्या जागेत माझं नाव घाल."

तिने कणकेतले हात धुतले.

"आधी त्यांची दाढी करा," ती म्हणाली.

त्याने वही मागून घेतली आणि ते पान वाचलं. आप्पांची खाट उजेडात सरकवलेली होती, तिथेच त्याने दादांना उभं केलं. साबण लावला. वस्तरा आधी त्यांच्या हातात दिला. दादांनी तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. पहिल्या फेरीत ते निसटून गिरणीत गेले. त्यांना आणलं. दुसऱ्या फेरीत हनुवटीपाशी बारीक कापलं, तेव्हा दादा रडायला लागले आणि नवरा काही बोलणार, तोच थांबला. त्याने खिशातून सुतळी काढून दिली. गळ्यावरची दाढी राहिली होती आणि वस्तरा तिथे टेकवायचं त्याला धाडस होईना.

खाटेवरून 'हं' असा आवाज आला. आप्पांनी डावा हात वर केला होता. नसलेला वस्तरा बोटांत धरून त्यांनी मुलाला कल दाखवला. आडवा नाही, असा, तिरका, खालून वर. मग पुन्हा दाखवला, सावकाश.

नवऱ्याने वस्तरा तसा धरला.